बाप-लेक आणि काचेतला समुद्र

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शाळेत गेलो होतो. विज्ञानाच्या खोलीत खिडकीजवळ माशांची काचेची पेटी होती. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, म्हणून मुलांनी ती पेटी अगदी मन लावून साफ केली. सगळे पाणी काढून टाकले. तळाची वाळू नळाखाली धरून पुन्हा पुन्हा धुतली, उन्हात वाळवली. गाळणीतला स्पंज साबणाने पिळून काढला. काचेवरचे शेवाळ खरवडले. ताजे पाणी भरून मासे परत सोडले, तेव्हा पेटी इतकी नितळ दिसत होती की मागच्या भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरेही पाण्यातून वाचता येत होती. तपासणी उत्तम झाली. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करू लागले, आणि आठवड्याच्या आत बहुतेक सगळे मेले. पाणी तेव्हाही नितळच होते.

मुलांनी विचारलेला प्रश्न सरळ होता: “सर, पाणी तर इतकं स्वच्छ होतं. मग मासे का मेले?”

या प्रश्नाचे उत्तर माणसाला एका दमात सापडलेले नाही. त्यासाठी चाळीस-पन्नास वर्षे लागली, आणि सापडलेले उत्तर मासे पाळणाऱ्यांपर्यंत पोचायला आणखी तितकाच काळ गेला. या कहाणीत एक बाप-लेकाची जोडी आहे. उत्तराचा एक अर्धा भाग बापाच्या हाती लागला आणि दुसरा अर्धा लेकाच्या. ही कहाणी मुख्यतः खाऱ्या पाण्याच्या पेट्यांची आहे, कारण चूक तिथे सर्वात आधी आणि सर्वात जास्त अंगाशी येते.

बरणीतली पोवळी

१८४६ साली अ‍ॅना थिन नावाच्या एक इंग्रज बाई टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या होत्या. त्यांचे यजमान लंडनमधील वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या चर्चमध्ये मोठ्या पदावर होते. खडकांमध्ये त्यांना एकेकटी वाढणारी जिवंत पोवळी सापडली. ती घरी न्यावीत असे त्यांना वाटले. एका दगडी बरणीत समुद्राचे पाणी भरून त्यांनी ती लंडनला आणली आणि काचेच्या भांड्यांत ठेवली.

समुद्राचे पाणी भांड्यात भरून ठेवले की दोन-चार दिवसांत त्याला वास येऊ लागतो, हे कोकणातल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. थिनबाईंपुढेही तीच अडचण होती, आणि लंडनमध्ये रोज ताजे पाणी आणायचे कोठून? त्यांनी एक उपाय केला. त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतत असे. आपण गरम दूध निववायला दोन भांडी घेऊन करतो तसेच. पाण्यात हवा मिसळत राहिली आणि पोवळी जगली. पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, थिनबाईंनी समुद्री शेवाळ मागवून भांड्यांत घातले. पाणी न बदलता काही जीव त्यांनी वर्षानुवर्षे जगवले. हा वृत्तांत मात्र १८५९ साली छापून आला. तोवर या शोधाचे श्रेय दुसऱ्यांच्या नावावर जमा झाले होते.

त्या दुसऱ्यांपैकी मुख्य म्हणजे रॉबर्ट वॉरिंग्टन.

वॉरिंग्टन यांची गोगलगाय

रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हे लंडनच्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. १८४१ साली लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली, ती प्रामुख्याने त्यांच्या खटपटीने. वनस्पती उजेडात हवा ‘सुधारतात’, हे प्रीस्टली आणि इंगेनहाऊस यांनी अठराव्या शतकातच दाखवले होते. वॉरिंग्टन यांना पडलेला प्रश्न असा: एकाच भांड्यात मासे आणि पाणवनस्पती ठेवल्या, तर दोघांचे हिशेब आपोआप जुळतील का? मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन ऑक्सिजन देतील, आणि पाणी कधी बदलावेच लागणार नाही, असे होईल का?

१८४९ साली त्यांनी सुमारे बारा गॅलनचे, म्हणजे पंचावन्न लिटरचे, काचेचे भांडे घेतले. तळाशी वाळू, थोडा चिखल आणि चुनखडीच्या व वाळूच्या दगडांचे तुकडे टाकले. भांडे निम्मे झऱ्याच्या पाण्याने भरले. त्यात दोन लहान सोनमासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची वनस्पती लावली. या चुनखडीकडे आणि वाळूकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

सुरुवात चांगली झाली. पण काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, त्यांवर बुळबुळीत थर चढला, काचेवर हिरवे तंतू आले आणि पाणी गढूळ झाले. हिशेब कुठेतरी चुकत होता. वॉरिंग्टन यांनी निसर्गातल्या तळ्याकडे पाहिले. तळ्यात पाने कुजतात, तरी तळे सडत नाही. तिथे ते काम कोण करते? त्यांनी पाच-सहा पाणगोगलगाई आणून भांड्यात सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने आणि बुळबुळीत थर खाऊन टाकला, आणि पाणी पुन्हा निवळले. गोगलगाईंनी घातलेली अंडीही माशांनी खाल्ली.

१८५० साली वॉरिंग्टन यांनी हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. मासे, वनस्पती आणि सफाई करणारा प्राणी असा तिघांचा समतोल त्यात होता. हेच चित्र आजही आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. मासा फक्त कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. त्याच्या कल्ल्यांतून अमोनियाही बाहेर पडतो. गोगलगाईने पान खाल्ले तरी तिची विष्ठा पाण्यातच राहते आणि तिच्यापासूनही अमोनिया होतो. हा अमोनिया जातो कोठे? हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाणी निवळले म्हणजे काम झाले, असेच सर्वांना वाटले.

काचेतला समुद्र

१८५२ मध्ये वॉरिंग्टन यांनी हाच प्रयोग समुद्राच्या पाण्यात सुरू केला. कोणते समुद्री शेवाळ काचेत टिकते, याची त्यांनी चाचणी घेतली. तपकिरी आणि तांबडी शेवाळे दिसायला सुरेख, पण ती लवकर सडून पाणी नासवतात. उल्वासारखे हिरवे, पातळ पानाचे शेवाळ टिकते, असे दिसून आले. हे उल्वा मालवण-रत्नागिरीच्या खडकांवरही पुष्कळ वाढते. त्यांनी आणखी एक सुधारणा केली. सर्व बाजूंनी पारदर्शक असलेल्या भांड्यावर चहूकडून ऊन पडते, पाणी तापते आणि हिरवे होते. समुद्रात उजेड फक्त वरून येतो. म्हणून त्यांनी मागची बाजू उतरती आणि बंद ठेवून उजेड वरून घेणारी टाकी बनवली.

याच सुमारास फिलिप हेन्री गॉस हे निसर्ग-अभ्यासक डेव्हनच्या किनाऱ्यावर असेच प्रयोग करत होते. १८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाऊस’ उघडले. जगातले हे पहिले सार्वजनिक मत्स्यालय. त्यातले बरेच जीव गॉस यांनी पुरवले होते. १८५४ मध्ये त्यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि अ‍ॅक्वेरियम हा शब्द रूढ झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्री पाण्याची कृतीही दिली. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचे श्वाइट्झर यांनी केलेले पृथक्करण त्यांच्यापुढे होते. त्यावरून त्यांनी साधे मीठ, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ही चारच द्रव्ये निवडली. बाकीची अत्यल्प असल्याने सोडून दिली.

यानंतर इंग्लंडमध्ये घरोघरी समुद्र आणायची लाटच आली. दिवाणखान्यात काचेची पेटी असणे प्रतिष्ठेचे झाले. पण ही हौस फार टिकली नाही. १८६० नंतरच्या काही वर्षांतच ती ओसरली. लोक उत्साहाने पेटी भरत, पहिल्याच दिवशी तिच्यात दाटीवाटीने जीव सोडत, आणि थोड्याच दिवसांत पाणी दुधासारखे पांढरे होऊन दुर्गंधी सुटे. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे शेवाळ होते, गोगलगाई होत्या, हवा होती. मग कमी काय होते? आज आपण सांगू शकतो की कमी होता तो वेळ. कशासाठी वेळ, हे अजून कोणालाच ठाऊक नव्हते.

अंधारातली टाकी

विल्यम आल्फर्ड लॉइड हा पुस्तकांच्या धंद्यात वाढलेला माणूस. विज्ञानाचे रीतसर शिक्षण नसलेला, पण मत्स्यालयाचे वेड लागलेला. त्याने लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान काढले. पुढे हौसेची लाट ओसरल्यावर ते बंद पडले. पण पाणी कसे सांभाळायचे, हे त्याच्याइतके कोणाला कळत नव्हते. १८६४ साली उघडलेले हॅम्बर्गचे मत्स्यालय आणि १८७१ च्या सुमारास लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये उभारलेले मत्स्यालय ही त्याची कामे. नेपल्स येथील सागरी संशोधन केंद्राच्या मत्स्यालयासाठीही त्याचा सल्ला घेतला गेला. ते १८७४ मध्ये खुले झाले.

आपल्याकडे मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राला लागून. लंडनला ती सोय नव्हती. पाणी किनाऱ्यावरून रेल्वेने आणावे लागे, म्हणून एकदा आणलेले पाणी वर्षानुवर्षे वापरणे भाग होते. लॉइडने युक्ती केली ती अशी. प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांच्या खाली त्याने त्यांच्यापेक्षा कितीतरी पटीने मोठा हौद बांधला. हा हौद पूर्ण अंधारात. वाफेच्या इंजिनाने पाणी रात्रंदिवस हौदातून टाक्यांत चढवले जाई आणि तिथून खळाळत पुन्हा हौदात पडे. खारे पाणी धातू खाते आणि धातूचे क्षार जीवांना मारतात, म्हणून पंपही धातूऐवजी कडक केलेल्या रबराचे होते.

लॉइडचे म्हणणे होते की पाणी अंधारात राहिले आणि सतत हलत राहिले की आपोआप शुद्ध होते. त्याचे पाणी खरोखरच नितळ राही आणि त्यातले जीवही जगत. अंधारात हिरवे शेवाळ माजत नाही, हे कारण त्याला माहीत होते. हलत्या पाण्यात हवा मिसळते, हेही माहीत होते. पण त्या हौदाच्या भिंतींवर, प्रत्येक दगडावर आणि नळाच्या आतल्या बाजूवर आणखी कोणीतरी वस्तीला आले होते. त्यांची ओळख पटली ती मत्स्यालयात नव्हे, तर पॅरिसच्या सांडपाण्यात.

वाळूची नळी

पॅरिसचे सांडपाणी शेतात सोडले की जमिनीतून झिरपून ते बऱ्यापैकी स्वच्छ होते, असा अनुभव होता. त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट होते, हेही रसायनतज्ज्ञांना माहीत होते. प्रश्न होता, हे घडते कसे? केवळ हवेतल्या ऑक्सिजनमुळे की आणखी कशाने?

१८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक मीटर लांबीची काचेची नळी घेतली. तिच्यात भाजलेली वाळू आणि थोडी चुनखडीची पूड भरली आणि वरून सांडपाणी थेंब थेंब सोडले. पहिले वीस दिवस काहीच झाले नाही. अमोनिया जसा आत जाई तसाच बाहेर येई. त्यानंतर मात्र नायट्रेट दिसू लागले आणि हळूहळू सगळ्या अमोनियाचे नायट्रेट होऊ लागले. ही जर निव्वळ रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू झाली असती. वीस दिवसांचा खोळंबा म्हणजे कोणीतरी जन्मत होते, वाढत होते. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबले. वाफ काढून टाकली तरी ते सुरू होईना. मातीचे थोडे धुवण वरून ओतल्यावर काही दिवसांनी पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम सजीवांचे होते.

वाळू, चुनखडी, झिरपणारे घाण पाणी, हवा आणि वीस दिवस. ही नळी म्हणजे आजच्या प्रत्येक मत्स्यालयातली जैविक गाळणीच होय. आणि वॉरिंग्टन यांच्या भांड्याच्या तळाशी तरी दुसरे काय होते?

लेकाचे काम

पॅरिसची ही बातमी वाचून इंग्लंडमध्ये एकाने लगेच कामाला सुरुवात केली. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७). गोगलगाईवाल्या वॉरिंग्टन यांचा हा मुलगा. रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने वडिलांच्याच प्रयोगशाळेत गिरवले होते. भांड्यातला प्रयोग झाला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. पुढे तो रोथॅमस्टेडच्या प्रसिद्ध शेती संशोधन केंद्रात काम करू लागला.

१८७८ ते १८९१ या काळात धाकट्या वॉरिंग्टन यांनी या विषयावर चार निबंध केमिकल सोसायटीला सादर केले. ही संस्था वडिलांनी उभी केलेलीच. अमोनियाच्या क्षाराच्या द्रावणात चिमूटभर माती टाकली की नायट्रेट तयार होते, हे त्यांनी दाखवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे काम दोन टप्प्यांत होते, हे त्यांच्या ध्यानात आले. आधी अमोनियाचे नायट्राइट होते, नंतर नायट्राइटचे नायट्रेट. आणि दोन्ही टप्पे करणारे जीव वेगवेगळे आहेत.

ते जीव वेगळे काढून दाखवणे मात्र त्यांना जमले नाही. वर्षानुवर्षे त्यांनी प्रयत्न केले. त्या काळी जीवाणू वाढवायचे ते जिलेटीनच्या थरावर. इतर जीवाणू त्यावर मजेत वाढत, पण हवे ते कधी दिसत नसत. १८९० मध्ये झुरिच येथे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने कोडे सोडवले. हे जीवाणू आयते सेंद्रिय अन्न खातच नाहीत. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचे शरीर घडवतात. म्हणून विनोग्राड्स्की यांनी सेंद्रिय द्रव्य नसलेल्या माध्यमात त्यांना वाढवले आणि ते वाढले. जिलेटीनचे ताट वाढून धाकटे वॉरिंग्टन त्यांची वाट पाहत बसले होते, आणि पाहुणे ते अन्न खाणारे नव्हतेच.

मोठ्या वॉरिंग्टन यांना समतोलाचे चित्र सापडले, पण त्यातला मुख्य कामकरी त्यांना दिसला नाही. धाकट्यांना त्या कामकऱ्याचे काम कळले, पण ते शेतातल्या मातीच्या संदर्भात. या दोन गोष्टींची मत्स्यालयात सांगड बसायला पुढे बरीच दशके जावी लागली. तोवर मत्स्यालयाची पुस्तके वनस्पती आणि मासे यांच्याच समतोलाबद्दल लिहीत राहिली.

आता त्या शाळेतल्या पेटीकडे

वाळूच्या प्रत्येक कणावर, स्पंजच्या प्रत्येक छिद्रात या जीवाणूंचा पातळ थर असतो. तो बुळबुळीत लागतो, म्हणून आपण त्याला घाण समजतो. मुलांनी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने, साबणाने आणि उन्हाने नेमका तोच नष्ट केला. माशांनी अमोनिया सोडणे काही थांबवले नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत अमोनिया साठत गेला. मासा एरवी कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, पण बाहेरच तो इतका झाला की आतला निघेना. कल्ल्यांना इजा झाली, श्वास अपुरा पडू लागला, म्हणून मासे वर येऊन तोंडे मारू लागले. एवढे होऊनही पाणी नितळच, कारण अमोनियाला रंग नाही.

खाऱ्या पाण्यात हीच चूक अधिक महागात पडते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे रूप बरेच निरुपद्रवी, तर मुक्त अमोनिया हे विषारी. कोणते किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात, २५ अंश सेल्सियसला, शंभरातला एकाहूनही कमी भाग मुक्त अमोनिया असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.२. तिथे हाच भाग शंभरात पाचाहून अधिक होतो. शिवाय खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी विरघळतो. नायट्राइटच्या बाबतीत मात्र समुद्री माशांना थोडा दिलासा आहे. पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून सहजी आत शिरत नाही.

पाणी निवळवण्याचे झटपट उपाय का धोक्याचे, हेही आता उमगेल. तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, पण अमोनिया जिथल्या तिथे राहतो, आणि तुरटीने पाण्याचा सामू उतरतो. मोरचुदाने शेवाळ मरते, पण गोगलगाई, झिंगे, पोवळी यांनाही तांबे मारते. आणि खाऱ्या पाण्यातले हाडांचे मासे अंगातले पाणी टिकवण्यासाठी समुद्राचे पाणी सतत पीत असतात. पाण्यात घातलेले औषध त्यांच्या पोटातही जाते. नव्या पेटीतले पाणी पांढरट झाले तर तो बहुधा सेंद्रिय द्रव्यावर वाढणाऱ्या इतर जीवाणूंचा उमाळा असतो. खाणे कमी केले, हवा भरपूर दिली आणि धीर धरला तर तो आपोआप ओसरतो.

विसाव्या शतकात

विसाव्या शतकाच्या मध्यास वाळूच्या थराखाली जाळी बसवून, हवेच्या बुडबुड्यांनी पाणी वाळूतून ओढणाऱ्या गाळण्या प्रचारात आल्या. ही श्लोसिंग-म्युंट्झ यांची नळीच, फक्त आडवी. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. प्रवाळखडकाचे जिवंत तुकडे, भरपूर उजेड आणि बुडबुडे, एवढ्यावर ते समुद्री मासे आणि पोवळी सांभाळत. गाळणी नाहीच. त्या सच्छिद्र दगडांच्या बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते, आणि आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसरे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. १९७० मध्ये स्टीफन स्पॉट यांचे बंदिस्त पाण्यातल्या मासेपालनावरचे पुस्तक आले आणि मत्स्यालयाची भाषा बदलली. ‘समतोल’ या शब्दाच्या जागी अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांची मोजमापे आली. समुद्रावरच्या फेसाचाही उपयोग सुरू झाला. बारीक बुडबुड्यांना चिकटलेले सेंद्रिय द्रव्य फेसासकट काढून टाकले की ते कुजून अमोनिया होण्याआधीच बाहेर जाते.

यानंतर मत्स्यालयाने विज्ञानाचे ऋण फेडले, असेही म्हणता येईल. २००५ साली अमेरिकेतील सिएटलच्या मत्स्यालयातल्या एका समुद्री टाकीच्या खडीतून एक सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तो जीवाणू नव्हताच. तो आर्किया या अगदी वेगळ्या गटातला होता आणि अमोनियावर जगत होता. त्याला नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस असे नाव मिळाले. अशा सूक्ष्मजीवांची संख्या खुल्या समुद्रात अफाट आहे, हे पुढे स्पष्ट झाले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पिरा जातीचा जीवाणू सापडला. त्यातला एक शोध मत्स्यपालन केंद्राच्या गाळणीतूनच लागला. धाकट्या वॉरिंग्टन यांचा ‘दोन टप्पे, दोन जीव’ हा नियम बहुतेक ठिकाणी खरा असला तरी सगळीकडे लागू नाही, हे कळायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला.

वर्गात करून पाहता येईल असे

माशांचा जीव धोक्यात न घालता हे मुलांना दाखवता येते. एक लिटर पाण्यात एक ग्रॅम नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, विरघळवून ठेवावा. दोन रुंद तोंडाच्या बरण्यांत प्रत्येकी एक लिटर पाणी घ्यावे. नळाचे असेल तर एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. दोन्हींत चिमूटभर शिंपल्याची पूड घालावी. जुन्या, चालत्या मत्स्यालयातली दोन मुठी वाळू आणावी. एक मूठ तशीच पहिल्या बरणीत टाकावी. दुसरी मूठ वीस मिनिटे उकळून, गार करून दुसऱ्या बरणीत टाकावी. दोन्हींत नवसागराचे द्रावण दहा-दहा मिलिलिटर घालावे. बरण्या अंधाऱ्या कपाटात उघड्या ठेवाव्यात आणि रोज ढवळाव्यात. माशांच्या दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजून आलेख काढावा.

पहिल्या बरणीतला अमोनिया काही दिवसांतच उतरू लागेल. दुसरीत तो बरेच दिवस तसाच राहील. दोन्ही बरण्यांतले पाणी दिसायला मात्र सारखेच नितळ असेल. आलेख काढण्यापूर्वी मुलांना विचारावे, “यातल्या कोणत्या बरणीत तुम्ही मासा सोडाल?” डोळ्यांनी पाहून उत्तर देता येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले की निम्मे काम झाले.

त्या शाळेत पेटी पुन्हा भरली गेली. या वेळी आम्ही तळाला जुन्या पेटीतली दोन ओंजळी वाळू टाकली आणि पहिला महिना दोनच मासे सोडले. मुलांनी कामाची वाटणी केली: आठवड्याला पाण्याचा पाचवा हिस्सा बदलायचा, स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळायचा, आणि वाळू व स्पंज एकाच दिवशी साफ करायचे नाहीत. पुढच्या तपासणीला काचेवर थोडे शेवाळ होते आणि पाणी किंचित पिवळसर दिसत होते. तपासनीसांनी त्यावर बोट ठेवले. तेव्हा सातवीतल्या एका मुलीने वहीतला आलेख उघडून त्यांच्यापुढे धरला. अमोनियाची रेषा शून्याला टेकलेली होती.